लाँग रनची चारशे एकर

मार्च 1848 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी वॉशिंग्टनला एक पत्र पाठवलं. गावाचा इतिहास लिहिणारा, घराण्यांच्या जुन्या नोंदी जमवणारा हा माणूस. इलिनॉयमधून निवडून आलेल्या एका नव्या खासदाराचं आडनाव आपलंच आहे, तेव्हा तो आपल्यापैकी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. खासदार होते अब्राहम लिंकन, वय एकोणचाळीस. त्यांनी सरळ उत्तर लिहिलं. वडिलांचं नाव थॉमस, आजोबांचं अब्राहम. आजोबा 1782 च्या सुमाराला व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी इंडियनांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि ते क्वेकर पंथाचे होते, असं घरात मोघम ऐकिवात आहे. त्याच्या मागचं कधी काही कानावर आलेलं नाही.

त्याच महिन्यातल्या दुसऱ्या पत्रात त्यांनी या अज्ञानाचं कारणही सांगितलं. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, तेही गरिबीत आणि नव्या मुलखात. त्यामुळे त्यांना अक्षरओळख अशी झालीच नाही. आपल्या घराण्याविषयी आपल्याला इतकं कमी ठाऊक आहे ते बहुधा त्यामुळेच.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. केंटकीतल्या लुइव्हिलला राहायला आल्यापासून इथल्या जुन्या जमिनींच्या कागदांचा मला नाद लागला आहे, आणि हा कॅप्टन अब्राहम लिंकन, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा, त्या कागदांतला माझा सगळ्यात जवळचा माणूस. त्याने घेतलेली जमीन याच जेफर्सन काउंटीच्या पूर्व टोकाला होती. आणि नातवाला जे घरात कोणी सांगू शकलं नाही, ते बरंचसं काउंटीच्या दप्तरांत तेव्हाही पडून होतं.

कॅप्टन अब्राहमचा जन्म 1744 चा, पेनसिल्व्हेनियातला. त्याचे वडील जॉन 1768 मध्ये बायकामुलं घेऊन शेनांडोआ खोऱ्यात लिनव्हिल क्रीकच्या काठी आले. कॅप्टन ही पदवी तिथल्या मिलिशियातली, म्हणजे नागरिकांच्या स्थानिक फौजेतली. शेती चांगली होती, भाऊबंद जवळ होते. तरीही 1780 मध्ये त्याने आपली जमीन 5,000 पौंडांना विकायला काढली. आकडा बघून डोळे फिरतात, पण हे क्रांतियुद्धाच्या काळातलं कागदी चलन, दिवसागणिक मातीमोल होत चाललेलं. हातात असलेल्या कागदाची जमीन करून टाकायची तर ती पश्चिमेला, केंटकीत. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडायची, आणि व्हर्जिनिया सरकार शंभर एकरांना चाळीस पौंड या दराने वॉरंट विकत होतं. कॅप्टनने 160 पौंड भरून चारशे एकरांचं एक वॉरंट घेतलं. शिवाय आणखीही घेतली.

वॉरंट म्हणजे जमीन नव्हे, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सरकार तुम्हाला चारशे एकरांचा हक्क विकायचं. ती चारशे एकर कुठली, ते तुम्ही जंगलात जाऊन ठरवायचं. मग काउंटीच्या वहीत नोंद, मग मोजणी, आणि सगळ्यात शेवटी सनद. नकाशा नाही, गट नंबर नाहीत. एकाच ओढ्याकाठची एकच जमीन चार जण आपापल्या वॉरंटावर धरायचे आणि कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नसायचा. केंटकीतले हक्क छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढले होते.

कॅप्टनच्या मोजणीचा कागद 7 मे 1785 चा आहे. त्याचं नाव त्यात 'लिंकहॉर्न' असं लिहिलंय, मोजणीदाराच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. जागा फ्लॉइड्स फोर्कला मिळणाऱ्या लाँग रन नावाच्या ओढ्याची. सुरुवात ओढ्याकाठच्या एका शुगर मेपलपासून. तिथून पूर्वेला 300 पोल, एक पॉप्लर आणि एक शुगर मेपल येईपर्यंत. तिथून उत्तरेला 213 पोल आणि एक तृतीयांश, बीच आणि डॉगवुडपर्यंत. पश्चिमेला 300 पोल, व्हाइट ओक आणि हिकरीपर्यंत. मग दक्षिणेला परत त्या पहिल्या झाडाशी.

पोल म्हणजे साडेसोळा फूट. गुणाकार केला तर 64,000 चौरस पोल होतात, आणि 160 चौरस पोलांचा एकर धरला तर बरोबर चारशे एकर. हा हिशेब मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे दोन पोल बाय दोन पोल. एडमंड गुंटरची 66 फुटांची साखळी इंग्रजांनी अमेरिकेतही नेली आणि हिंदुस्थानातही आणली. तिच्या अर्ध्या मापाचा चौरस म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर तिथला आणि इथला एकच. कॅप्टनची ती चारशे एकर सोळा हजार गुंठे भरते. हे लक्षात आलं तेव्हा मी तो कागद निराळ्याच जिव्हाळ्याने वाचायला लागलो.

आणि मग नजर शेवटच्या ओळींकडे जाते. साखळी धरणारे: अनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन. झाडांवर खुणा करणारा: खुद्द अब्राहम. वंशावळ शोधणारे लोक या ओळीसाठी जीव टाकतात. साखळी धरायला घरची नाही तर शेजारची माणसं घेत, पैसे वाचावेत म्हणून. जन्माची नोंद नाही, बाप्तिस्म्याची नाही, शाळेचा दाखला असण्याचा प्रश्नच नाही. पण कुठल्या दिवशी कुठल्या ओढ्याकाठी कोण कोणाबरोबर उभा होता, ते मोजणीदार लिहून गेला. जोसाया हा कॅप्टनचा मधला मुलगा. तोच तो असेल तर साखळी धरून चालताना तो पोरसवदा होता.

आणखी एक गोष्ट हा कागद गुपचूप सिद्ध करून जातो. नातू म्हणतो, आजोबा केंटकीत आल्यावर दोन वर्षांनी, म्हणजे 1784 च्या सुमाराला गेले. आजोबा तर मे 1785 मध्ये स्वतःच्या जमिनीच्या हद्दीवर खुणा करत होते.

मृत्यू झाला तो 1786 च्या मे महिन्यात. कॅप्टन आणि त्याचे तीन मुलगे, मॉर्डेकाई, जोसाया आणि थॉमस, रानातल्या मोकळ्या केलेल्या तुकड्यात काम करत होते. झाडीतून गोळी आली आणि बाप जागीच पडला. जोसाया मदतीसाठी गढीकडे धावला. मॉर्डेकाई झोपडीत शिरला, बंदूक घेतली आणि फटीतून पाहू लागला. बापाच्या प्रेताशेजारी धाकटा थॉमस तसाच होता आणि एक इंडियन त्याच्यावर वाकत होता. त्याच्या छातीवर चांदीचं काहीतरी चमकत होतं. मॉर्डेकाईने त्यावर नेम धरला. वाचलेलं ते पोर म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील. आजोबांचा तो मृत्यू आणि चौदा वर्षांच्या मॉर्डेकाई काकांनी घेतलेला तो बळी, ही गोष्ट आपल्या मनावर इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खोल कोरली गेली आहे, असं लिंकननी 1854 मध्ये एका नातेवाइकाला लिहिलं.

या प्रसंगात मेलेल्या दोघांपैकी एकाच्या मागच्या पाच पिढ्या आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत. दुसऱ्याचं नावसुद्धा नाही. ओहायो नदीच्या दक्षिणेचा हा मुलूख 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरॉक्वाय राष्ट्रांनी इंग्रजांना लिहून दिला. तिथे शिकारीला येणाऱ्या शॉनी लोकांना तो तह मान्य नव्हता. 1786 च्या जानेवारीत शॉनींचा वृद्ध पुढारी मोलुंथा याने अमेरिकनांशी फोर्ट फिनीचा तह केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेंजामिन लोगन केंटकीतून फौज घेऊन नदीपार गेला, शॉनींची गावं जाळली. शरण आलेल्या मोलुंथाला ह्यू मॅकगॅरी नावाच्या माणसाने हाताला लागलेल्या कुऱ्हाडीने मारलं. मॉर्डेकाईने टिपलेल्या माणसाचीही आई असेल, भाऊ असतील, त्याचीही कुणीतरी गोष्ट सांगत असेल. पण त्याच्या नावावर मोजणी नव्हती, म्हणून त्याची वंशावळ कुठल्याच काउंटीच्या वहीत नाही. हे मला फार लागतं. लिंकनांचा वंश शोधताना आपण ज्या कागदांना दुवा देतो, तेच कागद दुसऱ्या कुणाला तरी त्या जमिनीवरून पुसून काढत होते.

कॅप्टन गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी झाली. ती नेल्सन काउंटीच्या कोर्टात दाखल आहे. विधवा बर्शेबा पाच लेकरं घेऊन दक्षिणेला बीच फोर्कच्या बाजूला सरकली होती, तो भाग तेव्हा नेल्सनमध्ये. यादी जेमतेम एका पानाची. घोडे. गाय आणि वासरू, पुन्हा गाय आणि वासरू. दोन रायफली आणि एक साधी बंदूक. खुरपणीची अवजारं, करवत, कथिलाची ताटं, एक लोखंडी डच ओव्हन, पिसांची गादी. कागदावर हजारो एकरांचा धनी असलेल्या माणसाच्या घरात एवढंच होतं. यादी नेल्सनमध्ये सापडते म्हणून कॅप्टनचा मृत्यूही तिकडेच झाला, असं मानणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. बाई जिथे राहायला गेली तिथल्या कोर्टात गेली, इतकं ते सरळ आहे. जुन्या परंपरेनुसार त्याची कबर त्याच्याच जमिनीत, पुढे जिथे लाँग रन बॅप्टिस्ट चर्च उभं राहिलं त्या आवारात आहे. लुइव्हिलहून गाडीने गेलं तर अर्धापाऊण तासाचा रस्ता. मी तिथल्या कबरस्थानात गेलोय. ओढा अजून वाहतो.

बर्शेबा कोण, कुणाची लेक, यावर अभ्यासकांनी मोठमोठे वाद घातले आहेत. तिचं नाव कागदावर ठसठशीत येतं ते मात्र व्हर्जिनियातली जमीन विकताना. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा कायद्याने वाटा असायचा, तो तिने सोडला असं तिच्याकडून लिहून घेतल्याशिवाय खरेदीदार पैसे मोजायचा नाही. आपल्याकडे बहिणीची सही आठवते ती हक्कसोडपत्राच्या वेळी, तिथेही तसंच. पाच लेकरांची आई, जंगलात विधवा झालेली, सगळ्यांना वाढवून मार्गी लावणारी ही बाई इतिहासाला ठाऊक आहे ती तिने जे सोडलं त्यामुळे.

आता या सगळ्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. व्हर्जिनियात, म्हणजे केंटकीतही, तेव्हा थोरल्या मुलाच्या वारशाचा जुना कायदा होता. बाप मृत्युपत्र न करता गेला तर जमीन सगळीच्या सगळी थोरल्याला. हा कायदा मोडणारा नवा कायदा 1785 मध्ये मंजूर झाला, पण तो लागू व्हायचा होता 1 जानेवारी 1787 पासून. कॅप्टन गेला मे 1786 मध्ये. मृत्युपत्र नव्हतं. त्यामुळे लाँग रनसकट सगळं मॉर्डेकाईला गेलं. गोळी आठ महिने उशिरा सुटली असती तर आठ वर्षांच्या थॉमसच्या नावावर शेकडो एकर लागली असती. नातवाने पुढे लिहिलं की वडील लहानपणीच दारोदार मजुरी करत हिंडणारं पोर झाले आणि अक्षरशः शिक्षणाविना वाढले. लोक यात नशीब बघतात. मला त्यात एक तारीख दिसते.

थॉमसने पुढे स्वतःच्या घामाने जमीन घेतली, आणि प्रत्येक वेळी हाच वॉरंटांचा गुंता त्याच्या मुळावर आला. 1803 मध्ये मिल क्रीकवर 238 एकर, 118 पौंडांना. मोजणीत खोट निघाली, 38 एकर गेली, शेवटी 100 पौंडांना विकावी लागली. 1808 च्या डिसेंबरात सिंकिंग स्प्रिंग, 200 डॉलर रोख. दोन महिन्यांनी तिथेच अब्राहमचा जन्म. तीही जागा मालकीच्या वादात गेली. मग नॉब क्रीक, आणि तिथून बेदखल करण्याचा दावा. 1816 च्या डिसेंबरात कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेलं. वडील केंटकी सोडून का गेले, याचं लिंकननी 1860 मध्ये दिलेलं उत्तर असं: काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनींच्या हक्कांच्या भानगडींमुळे. इंडियानात केंद्र सरकारने आधी चौकोन पाडून मोजणी केली होती आणि मगच विक्री. थॉमसने दोन डॉलर एकराने तिथे जमीन धरली. तिच्यावर दुसरा कोणी येऊन उभा राहिला नाही.

लिंकननी स्वतः शोध सोडला नव्हता. त्याच 1848 मध्ये त्यांना कळलं की रॉकिंगहॅम काउंटीत डेव्हिड लिंकन नावाचे कोणी आहेत. त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं आणि 2 एप्रिलला लिंकननी लिहिलं: आता शंकाच राहिली नाही, तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा एकच. हे डेव्हिड म्हणजे कॅप्टनच्या मागे राहिलेल्या भावाचे, जेकबचे पुत्र. एका अनोळखी माणसाच्या पत्राने साठ वर्षांपूर्वी तुटलेला धागा जोडला गेला, त्या ओळीतला आनंद मला आजही जाणवतो. लिनव्हिल क्रीकच्या त्या टेकडीवर लिंकन घराण्याच्या पाच पिढ्या पुरल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर घरातले दोन गुलामही. ज्या माणसाने पुढे गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, त्याचे सख्खे चुलत आजोबा गुलाम बाळगून होते. वंश शोधायचा तर हेही शोधात येतं, ते बाजूला ठेवता येत नाही.

हिंगहॅमचा धागा मात्र त्यांच्या हयातीत जुळला नाही. 1859 मध्ये त्यांनी लिहिलं की न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी नातं लावण्याचा प्रयत्न झाला, पण त्यातून दोन्हीकडे इनॉक, लीव्हाय, मॉर्डेकाई, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावं आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही. खरं तर नावांनी बोट बरोबर दाखवलं होतं. सॅम्युअल लिंकन हा विणकराकडे उमेदवारी करणारा पोरगा 1637 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्फकहून येऊन हिंगहॅमला स्थिरावला. त्याचा मुलगा मॉर्डेकाई, त्याचा मुलगा पुन्हा मॉर्डेकाई. हा धाकटा मॉर्डेकाई न्यू जर्सीला गेला, तिथून पेनसिल्व्हेनियात, आणि 1736 मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात मुलगा जॉन याच्यासाठी न्यू जर्सीतली 300 एकर आहे. दुवा इथेही जमिनीतच होता. तोच जॉन पुढे व्हर्जिनियात गेलेला, कॅप्टनचा बाप. ही साखळी सॅम्युअल शॅकफर्ड यांनी 1887 मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशशास्त्रीय नियतकालिकात मांडली. लिंकन जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती.

क्वेकर असल्याच्या ऐकीव गोष्टीचा उगमही बहुधा पेनसिल्व्हेनियातच. बर्क्स काउंटीत लिंकनांच्या शेजारी बून कुटुंब राहायचं, ते क्वेकर. 1760 मध्ये जॉनच्या धाकट्या सावत्र भावाने, त्याचंही नाव अब्राहमच, अ‍ॅन बूनशी लग्न केलं. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून तिला क्वेकर सभेपुढे कबुली द्यावी लागली. ही अ‍ॅन म्हणजे डॅनियल बूनची चुलत बहीण, आणि केंटकीची वाट पाडणारा तो हाच डॅनियल बून. सरहद्दीवर माणसं एकटी जात नसत. शेजारी पुढे जाई, मग त्याचा सोयरा, मग सोयऱ्याचा भाऊ. म्हणून घराणं सापडत नसेल तर शेजारी शोधावा, असं जुने जाणकार सांगतात.

आणि काउंटीच्या सीमा तपासाव्यात. थॉमस आणि नॅन्सी हँक्स, म्हणजे लिंकनांचे आईवडील, यांच्या लग्नाची नोंद लिंकनांच्या हयातीत सापडली नाही, कारण लोक शोधत होते हार्डिन काउंटीत, जिथे ते संसार करायला गेले. आईबद्दल वाटेल ते बोललं गेलं. नोंद सापडली 1878 मध्ये, वॉशिंग्टन काउंटीच्या स्प्रिंगफील्डच्या कोर्टात: 10 जून 1806 चा हमीचा कागद, वधूचा पालक म्हणून रिचर्ड बेरीची सही, आणि 12 जूनला लग्न लावल्याचा धर्मोपदेशक जेसी हेड यांचा दाखला. बर्शेबा मुलांना घेऊन जिथे सरकली होती, तोच हा भाग. 1792 मध्ये नेल्सनमधून वेगळी वॉशिंग्टन काउंटी झाली. 1848 च्या त्या एप्रिलच्या पत्रात लिंकननी स्वतःच्या हाताने लिहिलंय की आजोबांचं कुटुंब वॉशिंग्टन काउंटीत राहत होतं. पत्ता त्यांच्याच पत्रात होता.

नॅन्सीच्या आईविषयीचा वाद आणखी लांबला. ती ल्यूसी हँक्सची मुलगी की दुसऱ्या कुणाची, यावर दीडशे वर्षं शाई खर्च झाली. 2015 मध्ये हँक्स घराण्यातल्या बायकांच्या वंशजांची मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासणी झाली आणि ल्यूसीचं नाव पक्कं झालं. आईकडून लेकीकडे जाणारा हा धागा. लिंकनांच्या स्वतःच्या वंशात तो शोधता आलाच नसता, कारण मुलगे आईचा तो अंश पुढे देत नाहीत. आणि लिंकनांचा शेवटचा थेट वंशज, पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ, 1985 मध्ये निपुत्रिक वारला. सॅम्युअलपासून नावानिशी लावता येणारी ओळ लिंकनांच्या घरात तिथे संपली. ल्यूसीला शोधून देणाऱ्या बायकांच्या घरांत मात्र आईकडून लेकीकडे जाणारा तो धागा चालू आहे.